खारपाणपट्ट्यात टिनाच्या छपराचं पाणी वर्षभर पिण्यासाठी साठवायचं आहे, टाकी आणि गाळणी कशी करावी?

दर्यापूरकर

नमस्कार मंडळी. गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. विहीर खारी, बोअर त्याहून खारा. नळाला पाणी दोन-चार दिवसांआड येतं, उन्हाळ्यात अंतर आणखी वाढतं, आणि पिण्यासाठी जार विकत घ्यावे लागतात. यंदाच्या पावसाळ्यापासून छपराचं पाणी धरायचं ठरवलं आहे.

माहिती अशी: घर दुपाखी, टिनाचं (पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू). लांबी ३० फूट, दोन्ही पाखी मिळून रुंदी २० फूट. एक पाखं रस्त्याकडे, दुसरं सांदवाडीकडे, म्हणजे मागच्या परसाकडे. टाकीला जागा सांदवाडीतच आहे. वळचण जमिनीपासून साडेआठ फूट. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाणारी-पिणारी माणसं पाच. छपराशेजारी कडुनिंबाचं झाड आहे, आणि घरामागे लागूनच कपाशीचं शेत.

विचारायचं हे की टाकी किती लिटरची करावी? मिस्तरी जमिनीखाली बांधा म्हणतो, जागा वाचते म्हणून. ते बरोबर का? रेती-कोळशाचा ड्रम लावला की पाणी पिण्याजोगं होतं का? आणि ऑक्टोबरमध्ये भरलेलं पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं का? त्यात किडे होतात असं सगळेच सांगतात.

---

मुरूमगिट्टी

भाऊ, आधी हिशेब करू, मग बांधकाम. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. तुमचं पूर्ण छप्पर ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. एक पाखं २८. साधारण वर्षी ७५० मिमी पाऊस धरा. टिनावरून उडणारं, वाळणारं, सुरुवातीचं सोडून द्यायचं पाणी वजा करून शेकडा ८५ हाती येतं. एकट्या सांदवाडीकडच्या पाख्यावरूनच १७,८०० लिटर झालं. दुष्काळी वर्षी ४५० मिमी पडला तरी १०,७०० लिटर येतं. म्हणून रस्त्याकडचं पाखं सोडून द्या. ते पाणी घराला वळसा घालून आणायला दुप्पट पाइप लागतो, चार कोपरे वाढतात आणि प्रत्येक कोपऱ्यात निंबाचा पाला अडकतो.

गरज किती? पिणं आणि स्वयंपाक, माणशी ८ लिटर. पाच माणसांचे रोजचे ४० लिटर. १ ऑक्टोबर ते १५ जून २५८ दिवस होतात, म्हणजे १०,३२० लिटर. आंघोळ, भांडी, गुरं या टाकीवर आणली तर दिवाळीलाच तळ दिसेल. त्यांना खारंच पाणी राहू द्या.

जमिनीखाली बांधू नका. मिस्तरीचा जागेचा मुद्दा खरा आहे, पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फुगताना भिंत आत दाबते, आकसताना आधार सोडते. बारीक चीर पडली की बाहेरचं खारं पाणी आत झिरपतं, आणि ते वरून दिसत नाही. चव बदलल्यावरच कळतं, तोवर वर्षाचं पाणी गेलेलं असतं. वर बांधलेल्या टाकीची चीर ओल्या डागाने लगेच दिसते आणि बाहेरून बुजवता येते.

आता उंची. बहुतेक ठिकाणी काम इथेच फसतं. वळचण साडेआठ फूट म्हणजे १०२ इंच. पन्हाळीची खोली आणि तिचा उतार वजा केला तर पाणी पन्हाळीतून बाहेर पडतं तिथली उंची ९४ इंचांच्या आसपास राहते. नळाखाली गुंड मावायला टाकीचा ओटा १८ इंच हवा. उरले ७६. त्यात पाच फुटांची, म्हणजे ६० इंचांची भिंत बसते आणि वर १६ इंच राहतात. त्या १६ इंचांत पाइपाचं वळण आणि जाळी बसवायची आहे. म्हणून उंच टाकी घेऊ नका, पसरट करा. आतून व्यास ३ मीटर, भिंत दीड मीटर, एवढ्यात १०,६०० लिटर मावतं. तयार प्लास्टिकची टाकी घ्यायची झाली तर दुकानात लिटर विचारण्याआधी टेप लावून उंची मोजा. मोठ्या टाक्या उंच असतात, आणि त्यांच्या तोंडापर्यंत पन्हाळीचं पाणी चढत नाही.

कमी पैशात आणि टिकाऊ म्हणून मी फेरोसिमेंट सुचवतो, म्हणजे सळई आणि जाळीवर सिमेंटचा मसाला मारून केलेली पातळ भिंत. पायापासून सांगतो.

टाकीच्या व्यासापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त, असा गोल आखा. तीन फूट खोल काळी माती काढून टाका. त्यात मुरूम भरा, सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसने ठोका. दाबून बसल्यावर कमी होतो, म्हणून पाच-साडेपाच ब्रास मागवा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खड्ड्यात रेती भरू नका. काळ्या मातीतली रेतीची भर हौदासारखी पाणी धरून ठेवते आणि भोवतालची माती उलट जास्त फुगते. मुरमावर १:२:४ चं (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट, पाच इंच जाड, ८ मिमी सळई दोन्ही बाजूंनी २० सेंमीवर. टाकी धुतल्यावर पाणी सोडायला तळाशी एक पाइप ठेवा, मधून त्याच्याकडे दोन इंचांचा उतार.

भिंतीची जाडी ४ सेंमी. आडवी कडी ६ मिमी सळईची, खालच्या अर्ध्या भागात दर १० सेंमीला, वर दर १५ सेंमीला. पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त असतो, म्हणून खाली दाट. उभ्या सळया २० सेंमीवर, त्यांची टोकं तळाच्या काँक्रीटमध्ये वाकवून घेतलेली. आतून आणि बाहेरून कोंबडीजाळीचा एकेक थर, बांधणीच्या तारेने दर अर्ध्या फुटाला ताणून बांधा. जाळी सैल राहिली की प्लास्टरचा पापुद्रा सुटतो. मसाला १:३ (सिमेंट, रेती), आणि पाणी सिमेंटच्या पोत्यामागे २२ लिटरांच्या वर नाही. मिस्तरीला हाताला सोपा म्हणून पातळ मसाला आवडतो. पातळ मसाल्याची टाकी झिरपते. एकदा बाहेरून बारदानाचा आधार लावून आतून मारा, दुसऱ्या दिवशी बारदान काढून बाहेरून. मध्ये दोन दिवस सुटले तर थर एकजीव होत नाही. वरचं झाकण घुमटासारखं, मध्ये एक फूट उंच. सपाट करू नका, तीन मीटरचं सपाट झाकण एवढ्या जाडीत खचेल. काठावर दोन कडी जास्त घाला. माणूस उतरेल एवढं दोन फुटी तोंड घुमटाच्या बाजूला ठेवा.

सामान अंदाजे: सिमेंट १८ ते २० पोती, रेती पाऊण ब्रास, गिट्टी अर्धा ब्रास, सळई ११० किलो, कोंबडीजाळी ५० चौरस मीटर.

---

वऱ्हाडी गडी

टाकीचं भाऊनं बरोबर सांगतलं. मी पन्हाळीचं सांगतो, काऊन का पान्याचा खेळ तथीच बिघडते.

अर्धा चिरेल पीव्हीसीचा पाइप सस्ता पडते, पन आपल्या इकडच्या उन्हात तो दोन वर्षात वाकडा होते. १० फुटाचा तुकडा हिवाळ्यातून उन्हाळ्यात आठ-दहा मिलिमीटर लांबते. दोन्ही टोकं चिटकवून टाकले त मधात पोट काढते, अन त्या पोटात पानी साचून डास होते. लावाचाच असन त १६० मिमीचा घ्या, दर दोन फुटाले पट्टी मारा, अन जोड चिटकवू नोका, दोन इंच एकावर एक चढू द्या.

त्याच्यापेक्षा २४ गेजचा जस्ताचा पत्रा वाकवून घेतलेला बरा. १६ इंच रुंद पट्टी: मांगची बाजू ५, बूड ५, समोरची ६ इंच. समोरची बाजू उंच काऊन? झडीत पानी टिनावरून उडी मारते, बुटकी पन्हाळ असली त तिच्यावरून पलीकडं जाते. टिनाची कोर पन्हाळीत दोन इंच आत आली पाह्यजे. उतार दर दहा फुटाले एक इंच. तीस फुटाले तीन इंच झाले. जास्त देऊ नोका, एका टोकाले पन्हाळ टिनापासून लय खाली जाते अन तिकडचं पानी बाहेर पडते. पान्याची नळी लावून दोन्ही टोकं पाहून घ्या, डोळ्यानं उतार समजत नाई.

आता वांदरं. ते टिनावर उड्या मारते, खाली उतराले पन्हाळीचीच कोर धरते. त्याच्यासाठी पन्हाळीच्या पट्ट्या टिनाले नाई, खालच्या बल्लीले नाईतर भितीले ठोकजा. पट्टी २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड. खाली येनाऱ्या पाइपाले भितीत तीन जागी कडी लावजा, मोकळा पाइप दिसला का ते लटकते. अन टिन गळते म्हून डांबर नोका लावू, ते पानी प्याचं हाय. हुकाच्या खालचं वायसर बदला, गळनं बंद होते. निंबाची जे फांदी टिनावर आली ते मे महिन्यातच छाटून टाका.

---

गोडंपाणी

दादा, पाण्याच्या गुणवत्तेबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट: खारेपणा पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे येतो. उकळल्याने तो जात नाही, उलट पाणी आटून क्षार दाट होतात. तुरटी, कापड, रेती, कोळसा यांपैकी कशानेही जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असे आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. घरगुती आरओ क्षार काढते, पण जितके पाणी देते त्याहून जास्त फेकते, आणि खूप खाऱ्या पाण्यावर तिचा पडदा लवकर चोंदतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आपल्याला ते फक्त घाण न होऊ देता आणि अंधारात ठेवायचे आहे.

घाण येते छपरावरून. उन्हाळाभर साचलेली धूळ, पाखरांची विष्ठा, पाला, चुलीची काजळी. यातली बहुतेक प्रत्येक पावसाच्या पहिल्या मिलिमीटरभर पाण्यात धुऊन निघते, म्हणून ते पाणी टाकीत जाऊच द्यायचे नाही. तुमच्या २८ चौरस मीटरच्या पाख्याला दर वेळी २८ ते ३० लिटर सोडावे लागेल. त्यासाठी माणूस पावसात उभा राहायला नको. पन्हाळीतून येणाऱ्या पाइपाला टाकीच्या तोंडाजवळ टी (इंग्रजी T आकाराचा जोड) जोडा. टीची आडवी शाखा टाकीकडे, खालची शाखा १६० मिमीच्या उभ्या पाइपात. हा पाइप सहा फूट लांब, खालून बंद. त्यात ३२ लिटर मावते. पहिले घाण पाणी त्यात पडते, तो भरला की मागचे स्वच्छ पाणी आपोआप आडवे टाकीकडे वळते. पाइपात प्लास्टिकचा चेंडू टाकला आणि वरच्या तोंडाशी तो अडेल असे अरुंद कडे बसवले, तर भरल्यावर चेंडू तोंड बंद करतो आणि खालची घाण वर ढवळून येत नाही.

खालच्या टोपणाला २ मिमीचे भोक पाडा. पाऊस थांबल्यावर दीड-दोन तासांत पाइप रिकामा होतो आणि पुढच्या पावसाला तयार. हे भोक बुजते, हमखास बुजते. बुजले की पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची सगळी घाण थेट टाकीत. म्हणून टोपण आट्याचे, म्हणजे फिरवून लावायचे घ्या, चिकटवलेले नको, आणि दर आठवड्याला उघडून गाळ काढा. पाऊस थांबून चार तास झाले आणि भोकातून थेंबही पडत नसेल, तर बोटाने पाइप वाजवून पाहा. भरलेला पाइप बद्द वाजतो, रिकामा पोकळ.

आता कपाशी. जुलै ते सप्टेंबर फवारणी चालते आणि वाऱ्याने फवारा छपरावर येतो. शेजारच्या शेतात फवारणी झाली की टाकीकडचा पाइप काढून ठेवा आणि नंतरचा पहिला चांगला पाऊस पूर्ण वाया जाऊ द्या. फवारणीचा पंप छपरावर ठेवू नका, औषधाच्या पिशव्या वळचणीला खोचू नका. आणि औषधाचा रिकामा डबा किंवा रसायनाचा जुना ड्रम कितीही धुतला तरी या पाण्याच्या वाटेत कुठेही वापरू नका.

मृगाचे पाणी साठवू नका. मृगात छप्पर धुऊन घ्यायचे, पन्हाळीची गळती पाहायची. आर्द्रा लागल्यावर, दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की टाकीकडे पाणी वळवायचे. उत्तरा आणि हस्तातल्या पावसाने टाकी काठोकाठ भरून घ्यायची.

---

रेतीकोळसा

ताई, सगळं मान्य, पण तुमच्या मांडणीत रेती-कोळशाचा ड्रम कुठेच नाही, तो अगदी नको हे पटत नाही. पऱ्हाटीची (कपाशीची) धूळ, सरकीचा कचरा, बारीक माती हे नुसत्या जाळीने थांबत नाही. उंची कमी असेल तर २०० लिटरचा खाद्यतेलाचा ड्रम आडवा कापून अर्धा वापरा. खाली चार इंच २० मिमी गिट्टी, त्यावर तीन इंच बारीक गिट्टी, मग नायलॉनची जाळी, वर सहा इंच जाड रेती. कोळसा घालायचा असेल तर बाभळीचा, सुपारीएवढे तुकडे, दोन जाळ्यांच्या मध्ये. ड्रमच्या काठाखाली एक मोठं भोक उतू जाण्यासाठी. रेती धुवायची ती बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत, आणि शेवटची धुवणी गोड्या पाण्याची, नाहीतर रेतीतलाच खार टाकीत उतरतो.

---

गोडंपाणी

दादा, रचना बरोबर लिहिली आहे, पण आपल्याकडचा पाऊस पाहा. तासाला ५० मिमीची सर आली तर २८ चौरस मीटरवरून तासाला १,४०० लिटर येतात. ड्रमचे तोंड पाव चौरस मीटर. धुतलेल्या नव्या रेतीतून ते कसेबसे उतरेल. दोन पावसांचा गाळ रेतीच्या पापुद्र्यावर बसला की निम्मे पाणी उतू जाते, आणि नेमका जोराचा पाऊस, ज्याने टाकी भरायची, तोच वाया जातो. दर आठवड्याला वरची दोन इंच रेती काढून धुणार असाल तर जरूर लावा. जमणार नसेल तर लावू नका.

कोळशाबद्दल जास्त काळजी वाटते. साधा चुलीचा कोळसा वास थोडा धरतो, पण जंतू मारत नाही. ओलसर आणि उबदार राहिलेल्या कोळशात जंतूच घर करतात. वर्षानुवर्षे तोच कोळसा ठेवलेले ड्रम असतात, आणि त्यातून गाळले म्हणून लोक पाण्यात क्लोरीन टाकत नाहीत. हा खरा धोका आहे.

टाकीच्या तोंडाशी १ मिमी छिद्रांची स्टीलची चाळणी तिरपी बसवा. तिरपी असली की पाला घसरून बाहेर पडतो, सपाट असली की वर थापतो. तिच्याखाली नायलॉनची मच्छरजाळी दुहेरी. उरलेली बारीक माती टाकीत आपोआप तळाशी बसते, त्यासाठी महिने आहेत. फक्त ती ढवळू नये म्हणून आत येणारा पाइप तळापर्यंत नेऊन त्याचे तोंड वर वळवा, आणि नळ तळापासून १० सेंमी वर बसवा. ज्यांना समाधान हवे त्यांनी घरात पाणी माठात ओतताना दुहेरी सुती कापडातून गाळावे.

---

दर्यापूरकर

बरंच स्पष्ट झालं, आभार. ड्रम सोडतो, चाळणीच लावतो. किड्यांचं काय करायचं आणि टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) प्रमाण किती, सांगाल का? गावात ब्लीचिंग मिळतं, पण कोणी मूठभर टाकतं, कोणी चमचाभर. आणि मुरूमगिट्टी भाऊ, बांधकामाला विहिरीचं खारं पाणी चालेल ना? एप्रिल-मेमध्ये दुसरं पाणी मिळणं अवघड आहे.

---

गोडंपाणी

किडे मोकळ्या फटीतून येतात, पाणी शिळे झाले म्हणून होत नाहीत. टाकीत उजेड शिरला की शेवाळ, आणि मोकळी फट राहिली की डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात आठवडाभरात अळीचा डास होतो. म्हणून हवा जाण्याच्या पाइपाला, उतू जाण्याच्या पाइपाला आणि झाकणाच्या कडेला मच्छरजाळी. उतू जाण्याचा पाइप उघडाच राहिलेला असतो, तो विसरू नका. काळोख्या, बंद टाकीत पाणी मेपर्यंत नितळ राहते.

टीसीएल: १,००० लिटरला ५ ग्रॅम, तेही ताज्या, घट्ट बंद पुडीतल्या पावडरचे. तुमच्या भरलेल्या टाकीला ५० ग्रॅम. वजन काट्यावर करा, किराणा दुकानात होऊन जाते. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, अर्धा तास ठेवा, चुना खाली बसला की वरचे नितळ पाणी तेवढे टाकीत ओता. चुना ओतू नका. अर्ध्या तासाने ओटी चाचणी करा (थोड्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकून क्लोरीन पाहतात): हलका पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही तर पुडी जुनी किंवा पाणी घाण. उघडी राहिलेली पावडर ओल धरते, गोळे होतात, वास उडतो. ती निरुपयोगी.

वर्षभर टाकीत दर आठवड्याला टाकत बसू नका. पावसाळा संपल्यावर भरलेल्या टाकीत एकदा, आणि मध्ये कधी झाकण उघडून काम केले तर पुन्हा एकदा. रोजचे पाणी घरातल्या माठात क्लोरीनच्या थेंबांनी शुद्ध करा, प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी उकळून गार केलेले. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तपासणी संच असतो. जंतूंच्या चाचणीची बाटली ४८ तासांत काळी पडली तर पाणी दूषित समजायचे, पुन्हा क्लोरीन टाकायचे आणि कुठे फट आहे ते शोधायचे.

चवीबद्दल आधीच सांगून ठेवते. खाऱ्या पाण्याची सवय झालेल्या जिभेला हे पाणी सपक लागेल, काही दिवस घरातली मोठी माणसे कुरकुर करतील. दुसरा फरक न्हाणीत दिसेल: याच पाण्याने हात धुतले तर साबण लवकर फेसाळतो आणि सुटायला वेळ लागतो. पाणी मऊ असल्याची ती खूण आहे.

---

मुरूमगिट्टी

खारं पाणी अजिबात नको भाऊ. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं असा भारतीय मानकाचा नियम आहे, आणि खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचा भरवसा धरता येत नाही. एरवीच्या स्लॅबमध्ये सळईवर इंचभर काँक्रीट असतं. तुमच्या भिंतीत जाळीवर जेमतेम सेंटिमीटरभर मसाला. खाऱ्या पाण्याने जाळी आतून गंजते, गंज फुगतो, आणि तीन-चार वर्षांत प्लास्टरवर तपकिरी रेघा उमटून पापुद्रे सुटतात. भिंतीला लोणा लागतो तो वेगळाच.

हिशेब करून पाहा. सगळ्या मसाल्या-काँक्रीटला मिळून साडेचारशे लिटर पाणी. ओलं ठेवायला १४ दिवस रोज शंभर लिटर. रेती धुणं धरून दोन-अडीच हजार लिटरचा एक छोटा गोड्या पाण्याचा टँकर पुरतो. तो आधी सांगून ठेवा, मगच सिमेंट आणा. मुरूम ठोकायला मात्र विहिरीचं पाणी चालेल.

मे महिन्यात प्लास्टर दुपारी मारू देऊ नका. संध्याकाळी चारनंतर सुरू करा, वर हिरवी जाळी नाहीतर पऱ्हाटीचा मांडव घाला. मारल्यावर बारा तासांत ओलं बारदान गुंडाळा आणि दिवसातून चार वेळा भिजवा. एक दुपार जरी कोरडी गेली तरी केसासारख्या चिरा पडतात. जस्ताच्या किंवा पितळी तोट्यांऐवजी प्लास्टिकचा व्हॉल्व्ह घ्या, मऊ पाणी धातू खातं.

पहिल्या भरण्याची घाई करू नका. दिवसाला एक फूट एवढंच पाणी चढू द्या, आणि प्रत्येक फुटाला बाहेरून हात फिरवून ओल पाहा. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, पाणी तुरट लागतं आणि हाताला बुळबुळीत. म्हणून पहिली टाकी पिऊ नका, ती परसातल्या झाडांना आणि धुण्याला संपवा, ब्रशने आतून घासा आणि तळाच्या पाइपाने सोडून द्या. आत उतरायचं तर झाकण बराच वेळ उघडं ठेवून, आणि बाहेर दुसरा माणूस उभा असताना. मात्र दोनदा काठोकाठ भरायला २१,२०० लिटर लागतात आणि साधारण वर्षी तुमच्या पाख्यावरून १७,८०० च येतं, म्हणून पहिल्या वर्षी परत भरताना टाकी थोडी रिकामी राहील हे धरून चाला.

उतू जाणारं पाणी टाकीच्या बुडाशी पडू देऊ नका. १० फूट दूर न्या, नाहीतर इतक्या कष्टाने ठोकलेल्या मुरमाच्या कडेची काळी माती फुगेल. ते विहिरीत सोडायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की गोडं पाणी हलकं असतं, खाऱ्याच्या वर राहतं. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं खालचं तोंड) तळाशी असेल तर वरचं गोडं तसंच राहून तळाचं खारंच उपसलं जाईल.

आणि टाकीत एक बांबूची काठी उभी ठेवा, सेंटिमीटरच्या खुणा केलेली. रोज ४० लिटर काढले तर महिन्याला १७ सेंमी पाणी उतरतं. वीस-पंचवीस उतरलं तर आधी तोटी पाहा, मग भिंत, मग घरात विचारा की भांड्यांना कोण वापरतं आहे.